संधी सोडवा

हापसालूच्या कोर्टात मी एकवीस वर्षं टंकलेखनिक होते.
न्यायाधीश एंडेल राउडवेरे सांगायचे, मी बडवायचे.
तारीख बदले, नाव बदले, चोरीचा माल बदले,
एक वाक्य मात्र कायम:
‘आरोपीने सदर कृत्य स्वेच्छेने व पूर्ण जाणिवेने केले.’
इतक्या वेळा, की पुढे पुढे
त्यांनी तोंड उघडायच्या आत
माझी बोटं ‘स्वेच्छेने’पर्यंत पोचलेली असत.
मला न विचारता.

आता दर शुक्रवारी ते कोपऱ्यावरच्या दुकानात येतात.
ओव्हरकोट तोच, बटणं एक घर चुकलेली.
डाव्या खिशात हेरिंगचा डबा,
उजव्यात बदामाची वडी,
एकदा तर कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा.
कुत्रा घरात नाही. कधीच नव्हता.
दुकानातली हेल्वे डोळेझाक करते, वहीत मांडते.
महिनाअखेर मुलगी येते, मारेट,
कुणाकडे न बघता हिशेब चुकता करते.

मारेटनं मला डॉक्टरांकडचं चित्र दाखवलं:
कपाळामागचा मेंदू,
कोरड्या अक्रोडासारखा आक्रसलेला.
‘इथं,’ ती म्हणाली, ‘नको म्हणणारं माणूस राहतं.
ते गेलंय.’
बाकीच्या खोल्या शाबूत.
कलमं अजून तोंडपाठ आहेत त्यांना. विचारून बघा,
चोरी कशाला म्हणावं ते आवाज न चढवता सांगतील,
खिशात हेरिंग.

स्व अधिक इच्छा.
शाळेत फळ्यावर सोडवायचो, तशी सोडवून बघते.
इच्छा आहे, बदामाच्या वासावर धावणारी, धडधाकट.
जाणीव आहे, कलमासकट.
स्वसुद्धा असेल कुठंतरी, बटणं लावत.
सांधा तेवढा निखळलाय.

आणि मग तो पोरगा आठवतो.
काल्यू. बोटीच्या डोलकाठीवरून पडलेला.
तेव्हापासून तो तो राहिला नाही हो,
असं त्याची आई कोर्टाच्या जिन्यात
दिसेल त्याला सांगत होती. मलाही.
तीन बूट चोरले होते त्यानं,
तिन्ही डाव्या पायाचे.
दोन वर्षं.
त्याच्या कपाळामागं कोण राहतं
हे कुणी विचारलं नाही.
निकाल मी टंकला. त्यात चूक एकही नव्हती,
शुद्धलेखनाची.

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्या मागेच उभी होते.
चेरीची वडी उचलली त्यांनी.
थबकले.
परत ठेवली. संत्र्याची घेतली.
चेरी त्यांना कधीच चालायची नाही,
चहाबरोबर आली तर बशीच्या कडेला सारायचे.
चोरी त्यांची नव्हे, आजाराची. मान्य.
मग संत्रं कोणाचं?

दाराशी वळून बघितलं. ओळखलं नसावं.
तरी दार धरून उभे राहिले,
बर्फाचा झोत अंगावर घेत, किंचित वाकून:
‘आधी तुम्ही.’
एकवीस वर्षं, रोज, हेच.
हे तरी त्यांचंच, असं म्हणावंसं फार वाटलं.
पण हेरिंग आजाराच्या खात्यावर लावलं
तर ही अदब कुणाच्या वहीत लिहू?
आवडतं तेवढं त्यांचं, नावडतं ते मेंदूचं,
असा निकाल तर त्यांनीही कधी दिला नसता.

मी आधी बाहेर पडले.
समुद्र गोठलेला. रस्त्यात कुणी नाही.
कोटाच्या खिशात माझी बोटं हलत होती,
अस्तरावर, आपली आपण,
सदर कृत्य, सदर कृत्य.
‘स्वे’पर्यंत आली तेव्हा मी मूठ मिटली.

मिटली म्हणते.
मिटली गेली असेल.